बुडालेल्याचं मशीन

आमच्या शेडमध्ये जुनं मशीन आणायचं नाही, हा नियम वडिलांचा. तो मी त्यांच्यापेक्षा कडक पाळला. त्यांच्या नियमामागं निदान एक पोळलेला हात होता; माझ्यामागं नुसता तोरा.

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, उसाच्या ट्रॉल्यांची डागडुजी, बेदाण्याच्या शेडचे रॅक, हळद शिजवायचे कुकर, आणि अलीकडं जिन्यांच्या एस.एस. (स्टेनलेस स्टील) रेलिंग. वडिलांनी सुरुवात केली तेव्हा भांडवल म्हणजे एक वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, तोही बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावातून उचललेला. तो थोड्याच दिवसांत जळाला. वाइंडिंगच गेलं. त्याच हंगामात एका ठेकेदारानं त्यांचे पैसे बुडवले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, पण वडिलांच्या डोक्यात त्यांची गाठ बसली ती कायमची. बुडालेल्याची वस्तू दारात आणली की त्याचं बुडणं मागून येतं, असं ते सांगायचे. पुढं हातात पैसा आला तसं प्रत्येक मशीन नवं, पेटीबंद, शक्यतो दसऱ्याला नाहीतर पाडव्याला आणलेलं.

मी डिप्लोमा केलेला. मला या समजुतीचं हसू यायचं. खरेदीची वेळ आली की मात्र मीही नव्याकडंच जायचो, आणि कारण विचारलं तर शिकलेल्या माणसाला शोभतील अशी उत्तरं तयार असायची: वॉरंटी, सर्व्हिस, भरवसा. वडील ज्याला अपशकुन म्हणत त्याला मी ‘रिस्क’ म्हणत होतो, एवढाच आमच्यात फरक.

आणखी एक गोष्ट लिहायची लाज वाटते. आमच्या मागच्या गल्लीत एकाची शेड आहे. त्याच्याकडचं जवळजवळ सगळं जुन्या बाजारातलं. कुठल्या तरी बंद कारखान्याचं ड्रिल मशीन, कुणाचा तरी कॉम्प्रेसर, रंग उडालेली शिअरिंग. मी त्या शेडला ‘भंगार वॉर्ड’ म्हणायचो. आमची पोरंही तेच म्हणायला लागली. त्याला हे कळलं असणारच. तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलत राहिला, त्यामुळं मला कधी थांबावंसं वाटलं नाही.

हा तोरा पहिल्यांदा हलला तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत. आम्ही जाड लोखंड गॅसवर कापायचो, ऑक्सिजन आणि एलपीजीच्या टॉर्चनं. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारनं मोजके उद्योग वगळून बाकीच्यांना ऑक्सिजन पुरवायला बंदी केली. दवाखान्यांत माणसं ऑक्सिजनअभावी जात होती, तेव्हा बंदीबद्दल तक्रार करायचा प्रश्नच नव्हता. आमचे सिलिंडर आम्ही स्वतःहून दिले. पण त्या दिवसांत दवाखान्याचे स्टँड आणि ट्रॅक्टरची अवजारं एवढंच काम हातात होतं, आणि त्यातल्या प्लेटा कापायच्या कशानं? मागच्या गल्लीतल्या माणसाकडं जुना प्लाझ्मा कटर होता. त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर लागत नाही, कॉम्प्रेसरची हवा पुरते. आमच्या प्लेटा त्यानं कापून दिल्या. मी स्वतः गेलो नाही. पोराला पाठवलं.

तोवर मी प्लाझ्माला नव्या जमान्याचं फॅड समजत होतो. पुढं वाचलं तर त्याचं पेटंट १९५७ सालचं निघालं, अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीतल्या रॉबर्ट गेज यांच्या नावावर. हो, तीच युनियन कार्बाइड. म्हणजे हे फॅड आमच्या दुकानापेक्षा जुनं.

प्लाझ्मा घ्यायचाच अशी वेळ आली ती स्टेनलेसमुळं. गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळतं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ते जळतं. नऊशे अंशांच्या आसपास तापवून त्यावर ऑक्सिजनची धार सोडली की लोखंडच पेट घेतं आणि जळालेला भाग स्लॅग होऊन खालून उडून जातो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. त्याचा ऑक्साइड स्टीलपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतो, म्हणून धार आत शिरायच्या आधीच वर झाकण बसतं. कितीही मोठा टॉर्च लावा, कापलं जात नाही, नुसता चिखल होतो. प्लाझ्माचं गणित वेगळं. बारीक भोकातून दाबानं जाणारी हवा आर्कमध्ये इतकी तापते, वीस हजार अंशांच्या घरात, की तिच्यातूनच वीज वाहायला लागते. तो झोत धातू वितळवतो आणि उडवून लावतो. ज्या धातूतून वीज वाहते तो प्लाझ्मानं कापला जातो. आम्ही मात्र एस.एस.चा पत्रा ग्राइंडरला कटिंग व्हील लावून कापत होतो. सरळ रेषेला ते चालतं. कुकरच्या ड्रमचा गोल तळ काढायचा म्हटलं की हात भरून यायचे, व्हील फुटायची, कडा निळी पडायची आणि अर्धा दिवस जायचा.

माझं बजेट सगळं धरून एक लाख. नावाजलेल्या कंपनीचं ६० अँपिअरचं नवं मशीन अडीच लाखांच्या पुढं. मग माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केलं. नवंच घेतलं, पण स्वस्तातलं. सिंगल फेज, ४० अँपिअर, खोक्यावर मोठ्या आकड्यात किती मिलीमीटर कापतं ते छापलेलं, वर प्लॅस्टिक चढवलेलं. पोरांनी हार घातला. मी नारळ फोडला.

पावसाळ्यापर्यंत ते चाललं. मग आर्क मारायचं कधी थांबायचं, कधी चालायचं, आणि एक दिवस आतून वास आला. दुकानदारानं वॉरंटीचं कार्ड हातात घेतलं आणि मशीन परगावच्या आयात करणाऱ्याकडं स्वतःच्या खर्चानं पाठवा म्हणाला. त्या कार्डावर शिक्का होता, माणूस नव्हता. फोन उचलला गेला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, “हवेला ड्रायर लावला होता का?” मला राग आला. राग यायचं कारण म्हणजे लावला नव्हता. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते हवेबरोबर गनमध्ये जातं आणि नोझल-इलेक्ट्रोड खाऊन टाकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मशीनचा बोर्ड कच्चा होताच. पण दोष निम्मा माझा होता, आणि मी तो सगळ्यांना सांगताना कंपनीवर टाकत राहिलो.

आता बजेटमधलं निम्मं कमी झालेलं. घरातून थोडी भर घातली आणि नाइलाजानं जुनी मशीनं बघायला सुरुवात केली. नाइलाजानं, हे मुद्दाम लिहितो. मन बदललं म्हणून मी गेलो नव्हतो, खिसा बदलला म्हणून गेलो.

पहिलं मशीन बघितलं त्यानं माझा पूर्वग्रह पक्काच केला. किंमत फारच कमी, वरून नवा रंग, मालक गोड. बाजूचा पत्रा उघडायला सांगितलं तर तो आढेवेढे घ्यायला लागला. उघडला तेव्हा आतल्या पंख्याच्या पात्यांवर आणि हीट सिंकच्या फटींत वाळलेला गाळ होता. तांब्याच्या टर्मिनलवर हिरवा थर, आणि आतल्या भिंतीवर एका उंचीपर्यंत मळकट रेघ. आमच्या भागातल्या माणसाला ती रेघ ओळखायला शिकवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांनी सांगली-कोल्हापुरातल्या किती घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर ती काढून ठेवली आहे. पुरातलं मशीन वाळवलं की चालू होतं. किती दिवस चालेल ते कुणीच सांगू शकत नाही. मी परत येताना गाडीत पोराला म्हणालो, बघ, म्हणून वडील सांगत होते. त्या वाक्यात मला केवढा आनंद झाला होता! माणसाला आपलं खरं ठरलेलं किती आवडतं.

दुसरं मशीन इचलकरंजीत होतं. सायझिंग आणि प्रोसेस युनिटसाठी एस.एस.च्या टाक्या बनवणाऱ्या एका वयस्कर माणसाचं. दुकान बंद करून सामान काढत होता. परदेशी बनावटीचं, थ्री फेज, ६० अँपिअर, सहा-सात वर्षं वापरलेलं. रंग उडालेला, एक कोपरा चेपलेला, हँडलला काळी टेप गुंडाळलेली. मी चेपलेल्या कोपऱ्याकडं बघितलं आणि मनात किंमत पाडली.

मग प्रश्न विचारायला लागलो. किती वर्षं दुकान चालवलं? का बंद करताय? काम कमी झालं का? मुलगा या धंद्यात नाही का? कर्ज वगैरे काही? मी हे सगळं अगदी सहज, चौकशीच्या सुरात विचारत होतो. ते शांतपणे उत्तरं देत होते. मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “पावणं, एक सांगा. तुम्ही मशीन बघायला आलाय, का माझं दुकान का बंद पडलं ते बघायला?”

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

“दुकान मी बंद केलं,” ते म्हणाले. “मशीननं न्हाई. दुकानाचं ऐकायचं असंल तर बसा, च्या सांगतो. मशीन बघायचं असंल तर बाह्या वर करा.”

या जागेवर माझं मन आजही परत परत जातं. त्यांनी मला ओळखलं होतं. मी मशीनची परीक्षा घ्यायला आलोच नव्हतो, माणसाची घ्यायला आलो होतो. हा का बुडाला, याच्यात काय खोट होती, ती खोट मशीनबरोबर माझ्याकडं येईल का. अपशकुनाला हसणारा डिप्लोमावाला मी, आणि एका म्हाताऱ्या माणसासमोर उभा राहून त्याच्या अंगावर अपयशाचा डाग शोधत होतो. बरं, दुकान बंद होणं म्हणजे बुडणंच, हे तरी मला कुणी सांगितलं होतं? वर्षभरापूर्वी ऑक्सिजन थांबला तेव्हा माझंही शटर खाली यायचं फार थोडक्यात राहिलं होतं. तेव्हा कुणी येऊन माझ्या ग्राइंडरकडं असं बघितलं असतं तर?

मी बाह्या वर केल्या. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली, ती पहिलीपेक्षा जास्त लागली. मला मशीन बघता येत नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात काढून, मशीनसमोर बसल्यावर पहिला हात कुठं घालायचा ते मला ठाऊक नव्हतं. कारण तशी वेळच मी येऊ दिली नव्हती. नवं घेणारा बघत नाही. तो कॅटलॉग वाचतो, बिल घेतो आणि वॉरंटीच्या कार्डावर विश्वास टाकतो. ज्याला मी चोखंदळपणा म्हणत होतो तो माझं अज्ञान झाकायचा खर्चिक मार्ग होता.

अण्णांना (तोवर मी त्यांना अण्णा म्हणायला लागलो होतो) ते कळलं असावं. विकणाऱ्यानंच घेणाऱ्याला परीक्षा घ्यायला शिकवावं, हा प्रकार मी पहिल्यांदा बघत होतो.

“आधी हवा बघा, मग मशीन,” म्हणाले. नुसती हवा सोडून गनच्या तोंडासमोर पांढरा कागद धरायला लावला. कागद कोरडा राहिला. पाण्याचा किंवा तेलाचा ठिपका दिसला तर समजायचं, हे मशीन ओल्या हवेवर चाललंय आणि आत बरंच काही खाल्लं गेलंय. मग गनचं टोपण फिरवून काढलं आणि इलेक्ट्रोड माझ्या तळहातावर ठेवला. तांब्याचा ठोकळा, टोकाला मध्यभागी हाफ्नियमचा बारीक ठिपका. हवेवर चालणाऱ्या गनमध्ये टंगस्टन टिकत नाही, म्हणून हाफ्नियम. दर वेळी आर्क पेटला की तो ठिपका किंचित झिजतो आणि खड्डा पडत जातो. खड्डा दीड मिलीमीटरच्या आसपास गेला की इलेक्ट्रोड बदलायचा. बाजारात बैल घेताना दात बघतात, तसं मी त्या खड्ड्याकडं बघत बसलो. त्यांनी फळीवरून श्रीखंडाचा जुना डबा काढला. आत झिजलेले इलेक्ट्रोड आणि नोझल. वापरून संपल्यावर फेकले नव्हते. सगळ्यांचे खड्डे सारखे, मधोमध, वेळेवर बदललेले. एकाही नोझलचं भोक वेडंवाकडं लांबलेलं नव्हतं. त्या डब्यात मशीनचं सगळं आयुष्य होतं. माझ्या नव्या मशीनच्या खोक्यात फक्त एक चित्र होतं.

मग ट्रिगर दाबायला सांगितला, प्लेटला न टेकवता. हवेतच पायलट आर्क लागला. सोडल्यावर हवा काही सेकंद वाहत राहिली, गन थंड होईपर्यंत. ती हवा चालू असतानाच मेन स्विच बंद करणारी माणसं गन जाळतात, असं म्हणाले. मी तेच करायचो, गप्प राहिलो. या मशीनला एचएफचा, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीनं आर्क पेटवतानाचा, कर्कश कडकडाट नव्हता. आत हवेच्या दाबानं इलेक्ट्रोड मागं सरकतो आणि ठिणगी पडते. शेजारी सीएनसी असली तर एचएफमुळं तिच्या कंट्रोलला वेड लागतं, हेही तेव्हाच समजलं.

“आता जाड प्लेट लावा. फुल्ल अँपिअरवर. थांबू नका.”

बारा मिलीमीटरची प्लेट होती. लांबच लांब कट घेत गेलो. किती तरी वेळानं पिवळा दिवा लागला आणि मशीननं स्वतःच काम थांबवलं. पंखा चालू राहिला. मला वाटलं, झालं, बिघाड सापडला. त्यांनी मागच्या प्लेटवरची ड्यूटी सायकल दाखवली. अमुक अँपिअरवर दहा मिनिटांत किती मिनिटं सलग कापायचं, ते तिथं लिहिलेलं असतं. आम्ही त्याहून जास्त कापलं होतं, आणि मशीननं स्वतःला वाचवलं होतं. “दिवा लागला न्हाई तर काळजी करा,” एवढंच म्हणाले.

नंतर त्यांनी आपणहून दोन खोड्या सांगितल्या. गनपासून हातभर अंतरावर केबल एकदा तुटून जोडलेली आहे. आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी दिवा लवकर लागतो. पंखा एकदा बदलावा लागेल. किंमत ८५ हजार सांगितली होती, ती हे सांगताना त्यांनीच ८०वर आणली. मी घासाघीस केली. हो, एवढं सगळं झाल्यावरही केली. ७२वर ठरलं. इसार दिला.

घरी येताना डोक्यात भलतंच चालू होतं. जुनं मशीन आणतोय हे वडिलांना कसं सांगायचं? ते आता शेडमध्ये फारसे येत नाहीत, पण काय आलं-गेलं ते विचारतात. जेवताना सांगून टाकलं. मला वाटलं, ‘कुणाचं?’ म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं, “लोडवर चालवून बघितलंस का?”

बघितलं म्हणालो. किती वेळ, ते सांगितलं.

ते थोडा वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, “त्या वेळचा ट्रान्सफॉर्मर मी नुसता चालू करून बघितला होता. रॉड लावून नाही.”

आयुष्यभर आम्हाला सांगितलेल्या त्या गोष्टीतला हा भाग त्यांनी कधीच सांगितला नव्हता. कदाचित स्वतःलाही नसेल सांगितला.

मशीन आणायच्या आधी बाकीची चौकशी केली, ती इथं थोडक्यात लिहितो, कारण माझ्यासारखे पुष्कळ असतील. नंबर प्लेटवरचा सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला. मशीन कोणत्या साली बनलं आणि त्याचे भाग अजून मिळतात का, हे ते सांगतात. प्लेटच खरवडलेली असेल तर तिथूनच परत फिरावं, मशीन चोरीचं असू शकतं. मूळ बिल मागितलं. कर्ज काढून घेतलेलं मशीन बँकेकडं तारण असतं आणि कर्ज फिटलं नसेल तर तो बोजा तुमच्या दारात येतो, म्हणून बँकेचं येणं नसल्याचा कागदही मागितला. अण्णांनी तो न कुरकुरता दिला. गनचं मॉडेल कोणतं आणि तिचे नोझल जवळपास मिळतात का, हा प्रश्न मशीनच्या अँपिअरपेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं आता मत झालंय. पेटी कितीही भक्कम असली तरी तिला लागणारं बोटभर तांबं मिळालं नाही तर ती स्टूल म्हणून वापरायची.

आणि खर्च. मशीन बजेटमध्ये बसलं म्हणून मी खूश होतो. मग कळलं, मशीन हा खर्चाचा एक तुकडा आहे. ६० अँपिअरला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा लागते, तीही सतत, पाच-सहा बारच्या दाबानं. आमचा जुना कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला. ड्रायर आणि फिल्टर घेतले. थ्री फेजची वायर जाड ओढली. अर्थिंगचा खड्डा पुन्हा भरून घेतला. पंखा बदलला. स्टेनलेस कापताना निघणाऱ्या धुरातलं क्रोमियम छातीला वाईट, म्हणून एक्झॉस्ट बसवला. तो खरं तर ग्राइंडरच्या काळातच बसवायला हवा होता. सगळं मिळून लाखाची मर्यादा ओलांडली, बरीच. त्या स्वस्तातल्या नव्या मशीनवर घातलेले पैसे धरले तर आणखी. एवढं करूनही नव्या चांगल्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास काम झालं.

जुनं ते सगळं सोनं, असं आता माझं म्हणणं नाही. त्यानंतर एकदा एक स्वस्त रोलिंग मशीन बघायला गेलो आणि मोकळ्या हातानं परत आलो. बेअरिंगचा आवाज ऐकूनच नको वाटलं. फरक एवढाच की त्या वेळी मी मालकाला त्याच्या धंद्याबद्दल काही विचारलं नाही. रोलर फिरवून बघितले, बेअरिंगला कान लावला, चहा घेतला, निघालो.

मागच्या गल्लीतल्या माणसाकडं गेलो, तेही सांगितलं पाहिजे. नोझल कुठं स्वस्त मिळतात हे विचारायचं निमित्त काढून. माफी वगैरे मागायची तयारी करून गेलो होतो, पण शब्द ऐन वेळी गेले. त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक दुकान सांगितलं, ओरिजिनल आणि डुप्लिकेट नोझल एकत्र वापरू नका म्हणाला, आणि मग अगदी सहज विचारलं, “आता तुमच्याकडंबी वॉर्ड काढला म्हणायचं?” दोघंही हसलो. माझ्या हसण्यात लाज होती. त्याच्या हसण्यात काय होतं, ते मला नीट कळलं नाही. नोझल मात्र आता आम्ही दोघं मिळून मागवतो.

मन बदललं म्हणून गेलो नव्हतो, असं मी वर लिहिलंय. नंतर तरी ते पुरतं बदललंय का, याची शंका आहे. परवा हळदीच्या कुकरची ऑर्डर द्यायला एक पार्टी आली. एस.एस.चा गोल तळ कापताना बघून खूश झाली. “नवं घेतलंत वाटतं मशीन?” म्हणाली. आणि मी, इतकं सगळं झाल्यावर, पटकन म्हणालो, “हो, यंदाच घेतलं.” खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. गन धरलेल्या पोरानं काच वर करून माझ्याकडं बघितलं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर इचलकरंजीचं आहे, वापरलेलं आहे, हवं तर इलेक्ट्रोड काढून दाखवतो, असं सांगायचं ठरवलंय. बघू.